कातडं पांघरलेलं कोकरू

चौदा महिन्यांनी शिवू माझ्या मांडीवर बसली. मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि दुसऱ्याच श्वासाला मला उमासा आला. तिला आत्यांच्या हातात जवळजवळ टाकून मी मोरीकडे धावले आणि विमानात खाल्लेलं सगळं ओकले.

अंगणात वस्तीवरच्या सातआठ बायका जमल्या होत्या, जर्मनीहून आलेली सून बघायला. सगळ्यांच्या माना मोरीकडे वळल्या.

"इमानातलं खाणं," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. "शिळंच असतंय ते."

"का आणि काय न्यारंच हाय?" कोपऱ्यातून सखूबाईंनी विचारलं.

"तुमची सून जतच्या बाजारातनं ओकत येती सखूबाई, तिला आधी इचारा."

बायका हसल्या. मी तोंड धुतलं, पदर नाकाशी धरून परत आले. शिवू आत्यांच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. तिला आंघोळ घातली होती, पावडर लावली होती, दोन बोटांएवढ्या केसांना रबर बांधलं होतं. घाण कुठेच नव्हती. मला येत होता तो वास घाणीचा नव्हताच. लॉजमधल्या उशीला येतो तसा, कुणा परक्याच्या डोक्याचा वास होता तो. आपण त्या उशीवर टॉवेल टाकून झोपतो. मुलीवर काय टाकायचं?

मला लगेच कळलं काय झालंय. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेलं, त्यातून मेंढपाळाची लेक. मलाच कळायला हवं होतं. खरं तर आधीच.

मेंढी व्यायली की पहिले दोन-तीन तास तिच्या मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागात एक खिडकी उघडते. तेवढ्या वेळात नाकाशी जे कोकरू येईल, त्याचा वास तिथे कोरला जातो. मग खिडकी मिटते. ते कोकरू तिचं, बाकी सगळी परकी. परकं कोकरू आचळाला लागायला आलं की ती त्याला टक्कर मारून लांब फेकते. हे पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कळपात पाहिलं होतं.

बायकांमध्येही अशी खिडकी असते, फक्त चिंचोळी, असा शोध मी कॉलेजात असताना लागला. नाकात एका औषधाचे दोन फवारे मारले की चार तासांसाठी ती पुन्हा उघडता येते, हे त्यानंतर चार वर्षांनी. आणि त्यानंतर वर्षभरातच परदेशी मुलं सांभाळायला बायका पाठवणाऱ्या एजन्सीच्या जाहिरातीत नवीन ओळ आली: 'खरी माया, चाचणीसह'. तिकडच्या आईबापांना नुसती कामसू बाई नको होती. मुलाच्या रडण्यानं जिचं काळीज हलतं अशी हवी होती, आणि ते हलतं हे मोजूनही हवं होतं.

एजन्सी फक्त दोन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या बाया घ्यायची. मुलाखतीत मी कारण विचारलं. समुपदेशक नंदिता मॅडम म्हणाल्या, "त्यांची खिडकी नुकतीच उघडून गेलेली असते ना. बिजागऱ्या सैल असतात." मला उपमा आवडली होती. आता आठवते तेव्हा बाजारात म्हशीचा सड दाबून बघणारा दलाल दिसतो.

त्रेचाळीस पानांचा करार होता. मी सगळा वाचला. मी सगळंच वाचते, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. एकतिसाव्या पानावर होतं: 'पूर्वबंध काही काळ मंदावू शकतो.' तिथे मी थांबले होते. मग वाटलं, आपण काय मेंढी आहोत? आपण विचार करतो, आठवणी ठेवतो. शिवूला शहरातल्या शाळेत घालायचं होतं, मला पुढे शिकायचं होतं, आणि नवऱ्याच्या, सागरच्या, द्राक्षांच्या टेम्पोवर यातलं काहीच होण्यासारखं नव्हतं. तीन वर्षं. मी सही केली.

खिडकी पुण्याच्या केंद्रात उघडली, दुपारी दोन वाजता. पांढरी खोली, एक खाट, एक नर्स. फवारा मारल्यावर तिनं चंदेरी पिशवी फाडली आणि चिमट्यानं एक झबलं काढून माझ्या छातीवर ठेवलं. फिकट पिवळं, त्यावर बदक. जर्मनीतल्या चार महिन्यांच्या एका पोरानं तीन दिवस घातलेलं, न धुतलेलं.

पहिली वीस मिनिटं मला किळस आली. परक्या पोराची आंबट लाळ, उलटलेलं दूध. मग किळस विरघळली. त्यानंतर मी ते झबलं दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरलं होतं, आणि आठवड्यापूर्वी शिवूला तोडलेलं, आटत आलेलं माझं दूध एकदम सुटलं. ब्लाउज ओला झाला. पान्हा फुटला होता, कापसाच्या एका चिंधीसाठी.

नर्सनं टॅबवर टिक केली. "छान. लागलं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळचं माझं विमान होतं. शिवूचा वास मी आदल्या दिवशीच शेवटचा घेतलेला.

त्या पोराबद्दल, थिओबद्दल, खोटं लिहिणार नाही. माझा त्याच्यावर जीव होता. अजून आहे. तो झोपला की मी त्याच्या मानेच्या घडीत नाक घालून बसायचे आणि मला दुसरं काही नको असायचं. त्याची आई काथरीन वकील होती. संध्याकाळी यायची, स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसायची आणि आमच्याकडे बघायची. दर महिन्याला एजन्सीचे लोक माझ्या मनगटाला पट्टा लावून थिओचं रडणं ऐकवायचे. नाडी, घाम, श्वास मोजायचे. आकडा काथरीनच्या फोनवर जायचा, पत्त्यांतल्यासारख्या हिरव्या बदामाच्या चित्रासह.

"सत्त्याण्णव," ती एकदा हसून म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगली आहेस तू."

तिनं स्वतःचा आकडा कधी काढला नव्हता. मला मात्र अभिमान वाटला, पहिल्या बेंचवरच्या मुलीला वाटतो तसा.

आणि घरी मी रोज व्हिडिओ कॉल करत होते. शिवू चालली तेव्हा रडले, 'आई' म्हणाली तेव्हा रडले. रडणं खरं होतं. फोनमधून वास येत नाही, एवढंच. म्हणून चौदा महिने मला काही कळलं नाही, आणि एजन्सीला कळवायची गरज वाटली नाही.

सुटी अठरा दिवसांची होती. पहिले चार दिवस मी चोरासारखी वागले. नाकाखाली बाम चोळायचे, शिवूला आंघोळ घालायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून आत्यांना पुढे करायचे. तिला भरवताना हात लांब करून बसायचे. माझं सगळं लक्ष, कुणाचं लक्ष आहे, याकडे होतं. आत्यांचं होतं.

"लेकराला काय काटं हाईत काय?" त्या म्हणाल्या.

"सर्दी झालीय मला आत्या. तिला लागेल."

"लागू दे की. आईचीच लागंल."

सागर एकदा टेम्पो धुताना पाठमोरा राहूनच म्हणाला, "आम्ही नकोसे झालो असलो तर सांग. मी समजून घेईन."

"तुम्ही काहीही काय बोलता," मी म्हटलं. त्याचा वास मला पहिल्यासारखाच येत होता, डिझेलचा आणि द्राक्षांच्या पेट्यांचा. फवाऱ्याला नवऱ्याशी देणंघेणं नव्हतं.

माझ्या बॅगेत हवाबंद पिशवीत थिओचं झबलं होतं. सुटीवर जाणाऱ्या प्रत्येकीला एजन्सी एक देते. दिवसातून दोनदा हुंगायचं, म्हणजे बंध ताजा राहतो. मी मोरीचं दार लावून हुंगत होते. पाचव्या दिवशी मोरीतच मला आबांचं कोकरू आठवलं.

मी सहावीत होते. एका मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि दुसरं एक बिनआईचं होतं. आबांनी मेलेल्याचं कातडं सोलून काढलं आणि बिनआईच्याला अंगरख्यासारखं घातलं, चारी पाय भोकांतून काढून. रक्त सुकलेलं होतं, माश्या बसत होत्या. मेंढीनं त्याचा पार्श्वभाग हुंगला, अंग सैल सोडलं आणि पाजलं. मी रडत होते. आबा म्हणाले होते, "तिला काय ठावं? नाकाला पटलं की झालं."

त्या सकाळी मी थिओचं झबलं दुमडून शिवूच्या गळ्यात लाळेऱ्यासारखं बांधलं.

आणि तिला जवळ घेतलं. घेता आलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या मुलीला पोटाशी धरलं, तिच्या मानेपाशी नाक घातलं आणि काळीज भरून आलं. ती सुखानं कण्हली आणि माझ्या अंगावरच झोपली. आत्या दारातून बघून गेल्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. सागरनं आमचा फोटो काढला.

त्या फोटोतली बाई हसतेय. मी तो फोटो बघते तेव्हा मला माश्या दिसतात. मी कुणाला कवटाळलं होतं? बाहू माझे, पोरगी माझी, आणि मधे हजारो मैलांवरच्या एका पोराची लाळ. दोन दिवस मी तशीच राहिले आणि मला बरं वाटत होतं. बरं वाटत होतं, याचीच मला आता जास्त शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी मी जतला गेले होते. परत आले तर दोरीवर झबलं वाळत होतं. कडक पांढरंफटक, बदकाचा रंग विटलेला.

"उकळून काढलं," आत्या म्हणाल्या. "परमुलखातलं फडकं. कुणाच्या पोराचं, काय अंगाला व्हतं त्याच्या, कुणाला ठावं. आपण उसनं अंगडं आणलं तरी धुतल्याबिगर लेकराला घालतो का? एवढी शिकलीस आन् तसंच बांधलंस गळ्यात. लिंबाचा पाला टाकून दोनदा उकळलं."

मी काही म्हणायच्या आत शिवूनं ते दोरीवरून ओढलं, स्वतःच गळ्याला धरलं आणि धावत आली. दोन दिवसांत तिला कळलं होतं की ते बांधलं की आई घेते. "आई, बांद," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर चढली. माझ्या नाकाशी तिची टाळू आली.

मी ढकललं. ठरवून नाही. कळपात मेंढी मारते तशी, हाताच्या एका झटक्यानं. शिवू पायरीवर आपटली. खालचा ओठ फाटला.

आत्यांनी तिला उचललं. सागर टेम्पोतून उतरत होता, त्यानं पाहिलं. मी शिवूच्या हनुवटीवरून ओघळणारं रक्त बघत उभी होते आणि मला वाईट वाटलं. एसटीत कुणाचं पोर पडलं तर वाटतं तेवढंच. त्याहून एक कणही जास्त नाही. ते कळल्यावर मी सगळं सांगितलं. फवारा, झबलं, थिओ, मोरी.

सागरला अर्धंच कळलं. आत्यांना सगळं.

"म्हशीला सुई टोचत्यात दूध उतराय," त्या म्हणाल्या. "आता बायास्नी बी." अंगणाच्या कडेला जाऊन त्या थुंकल्या. परत येताना शिवूच्या हातातून झबलं काढून घेतलं आणि चुलीवरची पातेली उतरवायच्या फडक्यांत टाकलं.

मी नंदिता मॅडमना फोन लावला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

"पहिल्या सुटीत होतं असं काहींना," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच आम्ही झबलं देतो. दुसरं कुरिअर करू का?"

"मला ते नको. मला माझी मुलगी परत पाहिजे."

"मिळेल ना. तीन वर्षं पूर्ण झाली की परतीची खिडकी असते. तोच फवारा, या वेळी तुमच्या मुलीचं कापड. चार तासांत सगळं पूर्ववत."

"ते वाचलंय मी. आत्ता द्या."

"आत्ता दिली तर थिओचं काय? तो बाळ आहे, मयूरी. त्याला तुमची सवय आहे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि करार मधेच सोडणाऱ्यांना परतीची खिडकी मिळत नाही. ते पान एकतीसच्या मागेच आहे. तुमचं तिकीट अकरा दिवसांनी आहे. विचार करा."

मी विचार केला. परत गेले तर पावणेदोन वर्षांनी चार तासांत शिवू माझी होईल, पक्की, सत्त्याण्णव टक्के. पुन्हा पांढऱ्या खोलीत खाटेवर पडायचं, नर्स शिवूचा फ्रॉक चिमट्यानं माझ्या छातीवर ठेवणार, मला पान्हा फुटणार आणि ती टिक करणार. लागलं. आणि गेले नाही तर कसलीच हमी नाही.

दुसऱ्या दिवशी सागरनं मला आबांकडे नेलं. आबांकडे आता तीसेक मेंढरंच उरली आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे फक्त एकदा विचारलं, "तुला धरून मारलं व्हय त्यांनी औषद?"

"नाही. मी सही केली."

ते बराच वेळ कुत्र्याच्या पाठीतल्या गोचिड्या काढत राहिले.

"आबा, त्या कोकराचं कातडं किती दिवस ठेवलं होतं?"

"दोन-तीन दिस. मग कुजतंय, काढायच लागतंय."

"आणि काढल्यावर मेंढीनं नाही घेतलं तर?"

"तर मग खुंट. मेंढीला आखूड दाव्यानं बांधायची, मान फिरवाय येऊ नये अशी. कोकरू लावायचं. ती लाथा झाडती, वरडती. झाडू द्यायचं. पर ते पीत ऱ्हातंय. तिचं दूध त्याच्या पोटातनं फिरलं, तिच्या अंगाला अंग लागलं, एका जागी हागलं-मुतलं, की कधीतरी त्याला तिचाच वास याय लागतो. मग सोडायची."

"किती दिवस लागतात?"

"कुणाला चार. कुणाला पंधरा." त्यांनी गोचीड दगडानं चिरडली. "एकीनं घेतलंच न्हाई."

"तिचं काय केलं?"

"इकली," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ती मेंढी व्हती, मयुरे. तिला ठावं नव्हतं, तिला कशापाय बांधलंय. तुला ठावं हाय."

घरी येऊन मी आत्यांना सांगितलं. दूध तर कधीच आटलं होतं; उरलं अंगाला अंग. आत्यांनी ट्रंकेतून त्यांचं एक जुनं लुगडं काढलं. शिवूचा ओठ अजून सुजलेला होता. ती माझ्याजवळ यायला तयार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. गुळाचा खडा देऊन आत्यांनी तिला राजी केलं, माझ्या छातीशी धरलं आणि लुगड्यानं आम्हा दोघींना करकचून बांधलं. गाठ पाठीवर मारली, माझा हात पोचणार नाही तिथे.

"ओकायचं असलं तर बाजूला मान करून ओक," त्या म्हणाल्या. "पोरीवर नको."

पहिल्या दिवशी तीनदा ओकले. बाम लावायचा नाही, नाक दाबायचं नाही, मीच ठरवलं होतं. शिवूच्या डोक्याची ती परकी उशी थेट माझ्या हनुवटीखाली. शिवू रडायची, मी घामानं निथळायचे, आमचा घाम एक व्हायचा. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. एकाच ताटात जेवायचं, एकाच वाकळेवर झोपायचं, वाकळ धुवायची नाही. सखूबाई येऊन बघून गेल्या. "एवढं घोडं झालेलं पोर बांदून कुठं निघालीयास गं?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "जर्मनीत अशीच फ्याशन हाय."

मधे थिओची आठवण यायची, आणि ती नाकातूनच यायची. त्याच्या मानेची घडी. मी शिवूला बांधलेली असताना त्याच्यासाठी रडत होते. त्यालाही आता दुसरी बाई येईल, दुसऱ्या कुणाची तरी दोन वर्षांच्या आतली आई, पांढऱ्या खोलीतून. हे लिहिताना मला माझीच किळस येते. पण लिहिते, कारण तालुक्याला एजन्सीचं नवीन केंद्र उघडलंय आणि वस्तीवरच्या दोघींनी अर्ज आणलेत. त्यांना मी एकतिसावं पान वाचून दाखवलं. एक म्हणाली, "पण तू तर जाऊन आलीस की."

नवव्या दिवशी ओकारी आली नाही. नुसतं मळमळलं. दहाव्या दिवशी पुन्हा ओकले.

आज अकरावा दिवस. पुण्याहून रात्रीचं विमान आहे. दुपारी बाराला नंदिता मॅडमचा फोन आला तेव्हा मी बांधलेली होते. सागरनं फोन माझ्या कानाला धरला.

"गाडी पाठवू का मयूरी? आत्ता निघालात तरी पोचाल."

"मी येत नाही."

"परतीची खिडकी मिळणार नाही, हे कळतंय ना तुम्हाला? जन्मभर असंच राहिलं तर?"

एकीनं घेतलंच नव्हतं. मी सागरला फोन बंद करायला सांगितलं.

उमासा आला. मी सवयीनं मान बाजूला केली, डोळे मिटून दम खाल्ला, परत फिरवली. शिवू वर बघत होती. ओठावरची खपली पडून तिथे गुलाबी रेघ राहिली आहे. तिनं माझ्या गळ्याशी नाक लावलं, जोरात हुंगलं आणि नाक मुरडलं.

"आई, घान," ती म्हणाली.

"हो ना. मलापण तुझी येते."

तिला ते फार आवडलं. खुदकन हसून तिनं दोन बोटांनी आधी स्वतःचं नाक दाबलं, मग माझं दाबायला हात वर केला. मी तो हात धरून खाली घेतला.

पाठीमागे आत्या गाठ सोडायला आल्या. दोन तास झाले होते.

"राहू द्या अजून थोडं," मी म्हटलं.